दमल्याचा दाखला



आपल्या चर्चमध्ये दाखल्यांना तोटा नाही. बाप्तिस्म्याचा दाखला, लग्नाचा दाखला, ना-हरकत दाखला. ऑफिसात गेले की वही उघडते, नाव सापडते, शिक्का बसतो. एक दाखला मात्र तिथे मिळत नाही आणि दवाखान्यातही सहजासहजी मिळत नाही. ‘ही बाई खरोखरच दमलेली आहे’ हा तो दाखला. आम्ही, म्हणजे आपल्या धर्मग्रामातील रुग्णभेट गटाच्या पाच जणी, तो एका भगिनीकडे मागून बसलो. त्याविषयी लिहायचे आम्ही ठरवले आहे. तिने हा मजकूर वाचला आहे आणि नाव घालायचे नाही या अटीवर छापायला हो म्हटले आहे. ती कोण, याचा शोध कृपया कोणी घेऊ नये.

ती आपल्यातलीच. बरीच वर्षे तिने रविवारी धर्मशिक्षणाचा वर्ग घेतला, सणाच्या मिस्सेला गायनवृंदात तिचा आवाज असे, आणि आठवडाभर वसई ते चर्चगेट अशी नोकरी. मग हळूहळू ती दिसेनाशी झाली. आधी वर्ग सोडला, मग गायनवृंद सोडला. मिस्सेला आली तर मागच्या बाकावर, भिंतीला टेकून. शुभवर्तमानाला सगळे चर्च उभे राहते, तेव्हाही ती बसलेलीच. पन्नाशीसुद्धा न गाठलेली बाई! हाताला प्लास्टर नाही, पायाला पट्टी नाही, चेहऱ्यावर आजारपणाची कळा नाही. लोक एकमेकांकडे पाहू लागले.

त्यातच एका शनिवारी ती पुतणीच्या लग्नाला आली. साडी नेसून, गजरा माळून आली आणि बँड वाजला तेव्हा दोन पावले नाचलीही. आमच्यापैकी दोघींनी ते पाहिले. दुसऱ्या दिवशी रविवारच्या मिस्सेला तिचा पत्ता नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, घराचे दारही बंद. बुधवारी आमची बैठक होती. तिथे कोणीतरी म्हणाले, “लग्नात नाचायला दम आहे, मिस्सेत उभे राहायला नाही.” आम्ही हसलो. आज हे लिहिताना जड जाते, पण हसलो हे खरे.

मग आमच्यातली वयाने मोठी असलेली एक जण तिला ‘चार शब्द सांगायला’ घरी गेली. आळस अंगात भरला की कसा बाहेर पडत नाही, मन कशात तरी गुंतवावे, रोज जपमाळ करावी, वगैरे. तिने सगळे ऐकून घेतले. वाद घातला नाही. कपाटातून एक जाडजूड फाइल काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “मावशी, यातले सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. बघा हवं तर. दमल्याचा दाखला कुठून आणू, ते तुम्हीच सांगा.”

त्या फाइलच्या शेवटी एका संधिवाततज्ज्ञाची चिठ्ठी होती आणि तिच्यावर एक नाव होते. फायब्रोमायल्जिया. ते नाव मिळायला तिला चार वर्षे लागली होती.

हा काय आजार आहे हे आम्हांला ठाऊक नव्हते. तेव्हापासून जे वाचले आणि डॉक्टरांना विचारून घेतले, ते थोडक्यात सांगतो. अंगभर दुखणे, तेही महिनोन्‌महिने, हे त्याचे पहिले लक्षण. त्याच्या जोडीला असतो एक थकवा, जो झोपेने जात नाही. आठ तास झोपून उठले तरी रात्रभर वाडीत पाणी शेंदल्यासारखे अंग. डोक्यात धुके भरल्यासारखे होते, तोंडावर आलेला शब्द सापडत नाही, गॅसवर काय ठेवले ते विसरते. जगभरच्या पाहण्यांतून शंभर माणसांत दोन ते चार जणांना हा आजार असल्याचे दिसते आणि त्यांत स्त्रिया जास्त आढळतात. म्हणजे आपल्या मोठ्या मिस्सेला हजार माणसे असतील, तर अशी वीसेक तरी त्यांत बसलेली असणार. आपण ओळखतो किती?

सांधे झिजलेले नसतात, स्नायूंना सूज नसते, रक्तात काही सापडत नाही. बिघाड असतो तो वेदना वाहून नेणाऱ्या आणि मोजणाऱ्या यंत्रणेत, म्हणजे मज्जासंस्थेत. रेडिओचा आवाज कोणीतरी मोठा करून ठेवावा आणि बटण तिथेच अडकावे, तसे काहीसे. ज्या स्पर्शाने आपल्याला काही वाटत नाही तो तिला दुखतो. झोपेशीही त्याचा संबंध आहे. 1975 साली कॅनडातील टोरोंटो येथे हार्वे मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही निरोगी माणसांना प्रयोगासाठी झोपवले आणि गाढ झोप लागू लागली की आवाज करून ती मोडली, पण पूर्ण जागे केले नाही. काही रात्रींनंतर या धडधाकट लोकांचे अंग दुखू लागले आणि ते थकलेले उठू लागले. पुढे असेच प्रयोग इतरांनी केले तेव्हा सगळ्यांना तितके स्पष्ट उत्तर मिळाले नाही, हेही सांगितले पाहिजे. पण झोपलेला माणूस विसावलेला असतोच असे नाही, एवढे त्यातून कळते.

इथे एक सूचना करतो. ज्याला ज्याला थकवा येतो त्याला हाच आजार आहे असे समजू नये. रक्त कमी असणे, थायरॉइड, मधुमेह, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता अशी कितीतरी कारणे असतात आणि त्यांवर चांगले उपाय आहेत. दुखणे अंगावर काढण्यापेक्षा आधी डॉक्टरांना दाखवावे.

आता आम्हांला ज्या गोष्टीने विचारात टाकले ती सांगतो. 1990 साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने या आजारासाठी काही निकष ठरवले. अंगावर 18 ठरावीक जागा. डॉक्टरांनी अंगठ्याने साधारण चार किलोचा दाब द्यायचा आणि 18 पैकी निदान 11 जागी दुखले पाहिजे. वीस वर्षे जगभर असे चालले. 2010 साली त्याच संस्थेने नवे निकष काढले आणि अंगठा बाजूला ठेवला. आता डॉक्टरांनी विचारायचे. गेल्या आठवड्यात शरीराच्या 19 भागांपैकी कुठे कुठे दुखले? थकवा किती? सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटते का? आठवण, लक्ष यांचे कसे? रुग्ण सांगेल त्याला गुण द्यायचे आणि त्यांची बेरीज करायची. 2016 साली त्यांत थोडी दुरुस्ती झाली, पण विचारण्याची रीत तीच राहिली.

म्हणजे वैद्यकशास्त्रासारखे शास्त्र, जे सुई टोचल्याशिवाय आणि यंत्राखाली घातल्याशिवाय एरवी आपला शब्द मानत नाही, ते इथे येऊन वही उघडून बसले आणि म्हणाले, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. आम्ही मात्र बैठकीत अंगठाच दाबत होतो. लग्नात नाचली की नाही? मग दमलेली कशी?

आमच्यापुढचा नैतिक प्रश्न हा असा होता. जे दुखणे दिसत नाही, मोजता येत नाही, ज्याला त्या माणसाच्या शब्दाखेरीज साक्षीदार नाही, ते मानायला आपण बांधील आहोत का? की पुरावा मिळेपर्यंत शंका घेणे हा आपला हक्क आहे?

पहिल्यांदा आळसाविषयी. सात प्रमुख पापांत आळस येतो हे आपण लहानपणी पाठ केले आहे आणि ते पाठांतर आपल्याला फार सोयीचे पडते. पण त्या पापाची मुळे शोधायला गेलो तर चौथ्या शतकातल्या इजिप्तच्या वाळवंटात जावे लागते. तिथे इव्हाग्रियस नावाच्या एका संन्याशाने मनाला छळणाऱ्या आठ विचारांची यादी केली, त्यांतला एक म्हणजे ‘अकेडिया’. दुपारच्या वेळी संन्याशाला खोपीत बसवत नाही, सूर्य हलेनासा वाटतो, आपले व्रतच नकोसे होते, देव नकोसा होतो. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्याला देवाच्या चांगुलपणाविषयी वाटणारी उदासी म्हटले. या यादीचे पुढे सात पापांत रूपांतर झाले आणि हळूहळू त्या शब्दाचा अर्थ नुसता कामचुकारपणा असा होऊन बसला. मुळात ते मनाच्या नकाराचे पाप होते. अंग उचलत नाही म्हणून जो बसला, त्याचे ते पाप नव्हते. आमच्या या भगिनीला वर्गातली मुले आठवून रडू येते. तिला नको झाले आहे असे कोण म्हणेल?

पण थांबा. हे लिहिल्यावर आमच्यातल्याच एकीने बरोबर हरकत घेतली. ती म्हणाली, “म्हणजे रडली तर खरी, नाही रडली तर आळशी? हा पुन्हा दाखलाच झाला की.” खरे आहे. एखादी रडणारही नाही. एखादी सवयीने हसतच बोलेल. आपल्याकडच्या बायका दुखणे लपवण्यात तर पटाईत.

दुसरी हरकत आमच्यातल्या काही जणींच्या घरच्या पुरुषांनी घेतली आणि तीही टाळता येत नाही. ढोंगी माणसे असतातच ना? डोके दुखते म्हणून भांडी टाळणारी, पाठ धरली म्हणून वाडीत न जाणारी माणसे प्रत्येक घराने पाहिलेली आहेत. सगळ्यांचेच खरे मानायचे तर कामे कोणी करायची?

आम्ही यावर बराच खल केला आणि शेवटी दोन्ही चुकांचा हिशोब मांडून पाहिला. समजा आपण एका ढोंग्यावर विश्वास ठेवला. काय गेले? एक दिवसाचे काम आपल्या अंगावर पडले, थोडे फसल्यासारखे वाटले. आणि समजा खऱ्या आजाऱ्यावर विश्वास ठेवला नाही. तिचे काय जाते, ते या घरात आम्ही पाहिले. आजार होताच. त्यावर ‘मी खोटी नाही’ हे सिद्ध करण्याचे काम आणखी वाढले. तिच्याकडे दिवसाला जेवढी शक्ती होती तिच्यातली निम्मी या कामात जात होती. पाहुणे येणार म्हणून ती उठून केस विंचरायची, आणि विंचरलेले केस पाहून पाहुणे म्हणायचे, बरी दिसतेस की! न विंचरता बसली असती तर म्हणाले असते, स्वतःकडे लक्ष देत नाही म्हणूनच असे होते. यातून सुटायला वाट कुठली?

या दोन चुका आमच्या मते सारख्या वजनाच्या नाहीत. पहिली सोसवते. दुसरी आपण दुसऱ्याला सोसायला लावतो.

आता त्या लग्नाविषयी, कारण आमचा सगळा खटला त्यावर उभा होता. क्रिस्टिन मिझेरँडिनो नावाची एक अमेरिकन बाई आहे. तिला ल्युपस हा आजार आहे. 2003 साली तिने एक लेख लिहिला. हॉटेलात मैत्रिणीने विचारले, आजारी असणे म्हणजे नक्की कसे असते? तिने आजूबाजूच्या टेबलांवरचे चमचे गोळा करून मैत्रिणीच्या हातात दिले आणि म्हणाली, हा तुझा आजचा दिवस. उठून अंघोळ केलीस, एक चमचा परत दे. कपडे घातलेस, एक दे. अशाने संध्याकाळ होण्याआधीच हात रिकामा होऊ लागला. निरोगी माणसाला चमचे मोजावे लागत नाहीत, आजाऱ्याला सकाळी डोळे उघडल्याबरोबर मोजावे लागतात. आज जगभरचे असे आजारी लोक हा दाखला देतात. (दाखला या शब्दाचा हाही एक अर्थ आहे, हे आमच्या उशिरा लक्षात आले.)

पुतणीच्या लग्नासाठी तिने आठ दिवस आधीपासून चमचे साठवले होते. त्या आठवड्यात स्वयंपाक नवऱ्याने केला, कपडे मुलीने धुतले, ती दुपारी पडून राहिली. ती दोन पावले नाचली ती या साठ्यातून. आणि पुढचे चार दिवस तिने त्याची भरपाई केली. आम्ही पाहिली ती पंधरा मिनिटे. त्याच्या मागचे आठ दिवस आणि पुढचे चार दिवस बंद दाराआड होते. ज्याचे जळते त्यालाच कळते असे आपण म्हणतो, पण शेजाऱ्याने निदान धूर तरी पाहायला हवा होता.

तिने पुतणीचे लग्न निवडले आणि दुसऱ्या दिवशीची मिस्सा चुकली, हे बरोबर केले का? असेही कोणी विचारले. आजारपणामुळे रविवारच्या मिस्सेला येता आले नाही तर त्यात पाप नाही, हे ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणात स्पष्ट लिहिले आहे. पण हा प्रश्न विचारणाऱ्याला आम्ही एवढेच म्हणू, की ज्याच्या हातात चमचे भरपूर आहेत त्याने दुसऱ्याचे दोन चमचे कुठे गेले याचा जमाखर्च मागू नये.

या घरात आणखी एक माणूस आहे आणि तिच्याविषयी न लिहिता पुढे गेलो तर अन्याय होईल. तिच्या सासूबाई. वय पंचाहत्तरच्या पुढे. तरुणपणी पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन दादरला जायच्या, दुपारी येऊन वाडीला पाणी, संध्याकाळी चूल, रात्री जपमाळ. सून आजारी पडली तेव्हा सगळ्यांत कडू त्याच बोलल्या. “आम्ही नाही का दमलो? आम्हांला कोणी विचारलं होतं का?” हे वाक्य आम्हांला आधी निष्ठुर वाटले. नंतर त्यांच्याजवळ बसून ऐकले तेव्हा कळले, की हा खराखुरा प्रश्न आहे आणि तो त्या पन्नास वर्षे विचारत आहेत. त्यांना खरोखरच कोणी विचारले नव्हते. पाचव्या दिवशी बाळंतीण पाटी घेऊन निघाली याचे गावाने कौतुक केले, पण तिचे अंग दुखते का हे ना नवऱ्याने विचारले ना आम्ही. कष्टाळू हा आपल्या समाजातला सर्वांत मोठा किताब आहे. तो देऊन आपण बायकांकडून काय काय काढून घेतले, याचा हिशोब कधी झालेला नाही.

गंमत अशी, की आम्ही त्यांना विचारले आणि त्यांची सगळी हकिकत दोन दुपारी बसून ऐकली, त्यानंतर त्यांचे सुनेवरचे बोलणे कमी झाले. बंद झाले असे नाही, कमी झाले. आपले दुखणे कोणी मानले, की दुसऱ्याचे मानायला माणसाचे मन थोडे सैल होत असावे. नवऱ्याचेही तसेच आहे. विरार गाडीतून लोंबकळत येऊन तो कुकर लावतो. त्याच्या थकव्याला तर कसलेही नाव नाही. तो कधी चिडतो, मग त्यालाच वाईट वाटते. “तिला म्हणायचं नाही, पण मीही माणूस आहे,” असे तो फाटकापाशी आम्हांला म्हणाला. आता दर गुरुवारी शेजारच्या दोन घरांतून त्यांच्याकडे रात्रीचे जेवण जाते आणि डबे परत कधी येतात हे कोणी मोजत नाही.

ती स्वतः कसे निभावते, हे तिने सांगितले ते इथे देतो. अशा दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल. तिच्या डॉक्टरांनी तिला पहिल्यांदा सांगितले, की चांगल्या दिवसापासून जपा. वाईट दिवशी माणूस आपोआप पडून राहतो. घात होतो तो चांगल्या दिवशी, कारण त्या दिवशी तुंबलेली सगळी कामे उरकायचा मोह होतो आणि मग आठवडाभर अंथरूण धरावे लागते. म्हणून ती आता चांगल्या दिवशीही तेवढेच काम करते जेवढे मध्यम दिवशी करते. हे फार अवघड आहे, असे ती म्हणते. पलंगपोस धुवायचा तर एका दिवशी एकच. भाजी चिरायची ती स्टुलावर बसून, अर्धी सकाळी, अर्धी दुपारी. दमल्यावर बसायचे नाही, दमायच्या आधी बसायचे, घड्याळ लावून. झोपायची आणि उठायची वेळ एकच, रविवारीही.

आणि चालायचे. हे ऐकून आम्हांला आश्चर्य वाटले, कारण दमलेल्याला चालायला कशाला लावतात? पण युरोपातील तज्ज्ञांनी 2016 साली उपलब्ध संशोधन तपासून ज्या सूचना केल्या, त्यांत सर्वांत ठाम शिफारस व्यायामाचीच होती. गोळ्यांचा काहींना गुण येतो, काहींना येत नाही. व्यायाम मात्र अगदी थोड्यापासून सुरू करायचा आणि मुंगीच्या पावलाने वाढवायचा. तिने सुरुवात केली ती फाटकापर्यंत जाऊन परत येण्यापासून. दोन महिन्यांनी ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापर्यंत जाऊ लागली. तिथे कट्ट्यावर बसते, प्रार्थना करते आणि परत येते. कोणी म्हणेल, हिला क्रुसापर्यंत फिरायला जमते. होय, जमते. आज एवढेच जमते.

आम्ही तिला पूर्वी आणखी एक गोष्ट सांगत असू, जी सांगणे सोपे असते. “तुझं दुःख प्रभूला अर्पण कर.” ती करते. आमच्या सांगण्याआधीपासून करत होती. पण पोप जॉन पॉल दुसरे यांनी 11 फेब्रुवारी 1984 रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थाविषयी जे पत्र लिहिले, त्यात आजाऱ्याने काय करावे एवढेच नाही. त्यात दयाळू शोमरोनी माणसावर एक संपूर्ण प्रकरण आहे आणि ते वाटेने जाणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्यासाठी आहे. आम्ही पत्राचा आजाऱ्याला लागू होणारा भाग तिच्या हाती दिला आणि आपला भाग पाहिलाच नाही. शोमरोनी माणसाने जखमा पाहिल्या, हे खरे. पण जखमा दिसत नसत्या तर? तो थांबला असता का, हा प्रश्न आमच्या बैठकीत निघाला आणि उत्तर मिळाले नाही.

त्यापेक्षा एलिया संदेष्ट्याची गोष्ट आम्हांला जवळची वाटली. राजांच्या पहिल्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात ती आहे. एलिया रानात एका झुडपाखाली जाऊन पडतो आणि आता पुरे झाले, मरण दे, असे म्हणतो. याच माणसाने आदल्याच अध्यायात कार्मेल डोंगरावर केवढा पराक्रम केला होता आणि राजाच्या रथापुढे धावला होता! कोणी म्हणाले असते, काल धावत होतास, आज काय झाले? देवदूत तसे म्हणत नाही. तो त्याला हलवून उठवतो, निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई देतो. एलिया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा झोपू देतो. दुसऱ्यांदा उठवतो तेव्हाही खाणेच पुढे करतो आणि वाट तुला झेपण्यापलीकडची आहे हे स्वतःहून मान्य करतो. त्या सगळ्या प्रसंगात उपदेश नाही. आम्ही रुग्णभेटीला जाताना उपदेश घेऊन जात होतो आणि भाकर विसरत होतो.

आता आमच्या गटाने काही बदल केले आहेत. भेट पंधरा मिनिटांची, कारण आमच्याशी बोलणे हाही एक चमचा आहे. जाण्याआधी मुलीला फोन करून विचारतो आणि नको म्हटले तर रागावत नाही. ‘आता बरी आहेस ना?’ असे विचारत नाही, कारण त्याला तिला होच म्हणावे लागते. ‘आजचा दिवस कसा आहे?’ असे विचारतो. तेले, काढे, कोणाच्या मावसबहिणीला गुण आलेले डॉक्टर, हे सगळे घरी ठेवून जातो. ख्रिस्तप्रसाद घरी हवा असेल तर तशी व्यवस्था होते, आणि चर्चमध्ये बाजूच्या दाराजवळ पाठ टेकता येईल असे दोन बाक त्यासाठी राखून ठेवावेत अशी विनंती आम्ही पॅरिश कौन्सिलकडे केली आहे. त्या बाकांवर बसणाऱ्यांना कोणी कारण विचारू नये, हेही लेखी मागितले आहे. यावर एका सदस्याने, मग उद्या सगळेच तिथे बसतील, अशी शंका काढली. बसले तर बसू द्या.

गेल्या शनिवारी आम्ही तिघी तिच्याकडे गेलो. फोनवर तिने सकाळी या म्हटले होते. फाटक उघडून आत गेलो तर मुलगी बाहेर आली आणि ओठांवर बोट ठेवून म्हणाली, “मावशी, आई आत्ताच झोपली. सकाळी बरी होती. उठवू का?”

“नको, नको,” आम्ही म्हणालो. सुकेळ्यांची पुडी सोबत होती, ती पायरीवर ठेवली आणि मागे फिरलो. क्रुसापाशी आलो तेव्हा आमच्यातली एक जण म्हणाली, “पण काल संध्याकाळी तर मी तिला इथंच...” आणि मग आपणच थांबली. आम्ही कट्ट्यावर जरा टेकलो. ऊन बरेच चढले होते आणि आम्हीही दमलो होतो.